काढून बघायची चाचणी

लिनक्सवर कागद छापायला कोणाची परवानगी लागत नाही. परवानगीचा प्रश्न येतो तो नवा प्रिंटर जोडताना, दुसऱ्याने पाठवलेले काम रद्द करताना किंवा सगळ्यांसाठीची मांडणी बदलताना. या गोष्टी कोणी करायच्या हे ठरवण्याच्या दोन रीती एकाच संगणकावर नांदतात. जुनी रीत छपाई सांभाळणाऱ्या कप्स या यंत्रणेची स्वतःची आहे. मायकेल स्वीट यांनी कप्स १९९७ मध्ये लिहायला घेतली. तिच्या हिशेबात तुम्ही ठरावीक गटात, म्हणजे डेबियन किंवा उबुंटूत ‘एलपीअ‍ॅडमिन’मध्ये, असाल तर वाट मोकळी, नसाल तर अशा कोणाचे तरी नाव आणि पासवर्ड द्या. नवी रीत पोलकिटची. ‘या माणसाला हे काम करू द्यायचे का’ एवढेच पोलकिट सांगते, छपाईतले त्याला काही कळत नाही. दोघांची गाठ घालून देते ‘कप्स-पीके-हेल्पर’ नावाचे छोटे पॅकेज.

हे परवानगीचे सामान बहुतेक ठिकाणी ऐच्छिक म्हणून नोंदलेले असते. एचपीच्या प्रिंटरांसाठीच्या एचपीलिपमधला तपासणी कार्यक्रमही पॉलिसीकिटपुढे (पोलकिटचे हे जुने नाव) ‘ऐच्छिक’ असाच शेरा मारतो. पण हा शेरा म्हणजे कोणीतरी करून ठेवलेला अंदाज. खरे काय ते पॅकेज काढून बघितल्यावरच कळते.

जीवशास्त्रात हेच करतात. उंदराचा एखादा जीन निकामी करायचा आणि काय बिघडते ते बघायचे. या तंत्रासाठी कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चे नोबेल मिळाले. कधी कधी असा उंदीर ठणठणीत राहतो, कारण हरवलेल्या जीनचे काम दुसराच कोणी उचलतो. प्रिंटरच्या चाचणीत अगदी हीच गंमत होते. ‘सिस्टिम-कॉन्फिग-प्रिंटर’ हा जुना, भरवशाचा कार्यक्रम आधी हेल्परला हाक मारतो. ओ आली नाही, तर गाजावाजा न करता थेट कप्सकडे जातो. दोन्ही वेळा पडद्यावर पासवर्डची चौकट येते, त्यामुळे बघणाऱ्याला वाटते, काहीच बदलले नाही. पण पासवर्ड विचारणारा बदललेला असतो. पहिली चौकट पोलकिटची, दुसरी कप्सची. दुसरीत ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचे नाव आधीच भरलेले दिसले, तर उबुंटूवर गाडी अडते, कारण तिथे रूटचे खाते मुळातच बंद असते. प्रशासकाचे नाव हाताने लिहावे लागते, आणि हे सुचायला हवे!

ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये असा दुसरा मार्ग ठेवलेला नाही. हेल्पर नसेल तर प्रिंटर जोडायचे बटण निष्प्रभ होते आणि कारणाची सूचना फक्त नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, जाते. ती तिथे जाऊन वाचणार कोण?

म्हणून ‘या सॉफ्टवेअरला ते पॅकेज लागते का’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कोणाला लागते आणि कुठल्या कामासाठी, हे विचारल्याशिवाय उत्तर निघत नाही. चाचणी करणारा बहुधा स्वतःच्याच खात्यातून करतो, आणि उबुंटू बसवताना तयार होणारे पहिले खाते एलपीअ‍ॅडमिन गटात आपोआप जाते. अशा खात्यातून सगळे सुरळीत चालले, तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कुठल्याही गटात नसलेले कोरे खाते हवे, तेही ताज्या आभासी यंत्रावर. पोलकिट काही परवानग्या पासवर्ड दिल्यावर थोडी मिनिटे लक्षात ठेवते. तेवढ्यात दुसरी फेरी उरकली तर तीही फसवी.

आणखी एक भेद सांभाळावा लागतो. कार्यक्रम ज्या लायब्ररीशी जोडून बांधला आहे तीच काढली, तर तो सुरूच होत नाही. लायब्ररी ठेवून फक्त सेवा बंद केली, तर तो हसतखेळत उघडतो आणि ऐन कामाच्या वेळी अडतो. दोन्ही निकाल ‘चालले नाही’ या एकाच रकान्यात टाकणारे अहवाल काही उपयोगाचे नसतात.

एवढा खटाटोप कशाला? जानेवारी २०२२ मध्ये क्वालिस या कंपनीने पोलकिटच्या ‘पीकेएक्झेक’ या आज्ञेतली एक चूक उघड केली. साध्या वापरकर्त्याला तिच्यामुळे संगणकाचा पूर्ण ताबा घेता येत होता, आणि ती २००९ पासून तिथे होती. कोपऱ्यातल्या छपाई सर्व्हरवर, जिथे पडद्यासमोर कोणी बसतच नाही, पोलकिट नसले तरी भागत असेल तर ते न ठेवलेले बरे. डेस्कटॉपवर मात्र ते उपटायला गेले की अर्धा डेस्कटॉप सोबत निघून येतो. तिथे चाचणी हेल्परपुरतीच शक्य असते.

निकाल शेवटी पॅकेजच्या माहितीतल्या एका ओळीत उतरतो. डेबियनमध्ये तीन पायऱ्या आहेत: आवश्यक, शिफारस, सूचना. शिफारस केलेले पॅकेज आपोआप येते, नुसते सुचवलेले येत नाही. ग्नोमच्या सेटिंग्जने हेल्परला शिफारशीत ठेवले आहे, त्यामुळे बहुतेकांकडे तो न मागता येतो. जागा वाचवायला शिफारशी वगळून बसवणाऱ्यांकडे तो येत नाही.