धरणाचं मॉडेल खरं वाटायला हवं तर

दिवाळीत कोयनानगरला मुलांनी किल्ल्याशेजारी मातीचं कोयना धरण केलेलं पाहिलं. भिंत सुरेख, पण तिच्यावर बोटाएवढी माणसं! त्यामुळे धरण दुमजली घराएवढं वाटत होतं.

म्हणून आधी प्रमाण ठरवा. खरी भिंत सुमारे 103 मीटर उंच, 807 मीटर लांब. 1:500 ला ती 21 सेंटीमीटर उंच, 161 सेंटीमीटर लांब होते. माणूस उरतो जेमतेम 3 मिलिमीटर.

आपण पेरतो ते हळीव या प्रमाणात गवत राहत नाही. 5 सेंटीमीटर वाढलं की 25 मीटरचं झाड! गवतासाठी बारीक चाळलेला, हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा वापरा.

माझा आवडता भाग डागांचा. राखाडी भिंत वाळली की अगदी पातळ काळपट रंग वरून ओघळू द्या आणि ओल्या फडक्याने टिपा. खाचांत उरलेला रंग म्हणजे पावसाळ्यांच्या खुणा. सहा वक्र दरवाजांखाली ओघळ जरा गडद ठेवा.

जलाशयाला गडद हिरवा तळ, वर फेविकॉलचे पातळ थर. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. जाड ओतलात तर आत पांढुरका राहतो.

काही अडलं तर फोटोसह विचारा, नक्की सांगेन.