उत्तरात बदलणारा अंक
ॲप सर्व्हरकडे माहिती मागते तेव्हा उत्तर बहुधा जेसन या मजकुरी स्वरूपात येते आणि त्या सलग अक्षरांतून संख्या, शब्द व याद्या वेगळ्या काढून प्रोग्रॅमला वापरता येतील अशा रीतीने मांडण्याच्या क्रियेला पार्सिंग म्हणतात. जावास्क्रिप्टमधील नेहमीच्या संख्येत अचूकतेसाठी ५३ बिटच उपलब्ध असल्याने ९००७१९९२५४७४०९९३ हा क्रमांक वाचताना शेवटच्या ३ चा २ होतो, आणि खरा धोका असा की त्रुटीची कोणतीही सूचना मिळत नाही. म्हणूनच ट्विटरने २०१० मध्ये दीर्घ क्रमांक अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणूनही, पाठवण्यास सुरुवात केली. ज्यांची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते, असे खाते-क्रमांक व व्यवहार-क्रमांक सर्व्हरने मजकूर म्हणूनच पाठवावेत आणि ॲप लिहिणाऱ्यांनी ते तसेच जपावेत.