घरातले गांधीलमाशांचे पोळे : काठी उचलण्याआधी



मागच्या बैठकीनंतर चहा घेताना विषय निघाला आणि कळले की आपल्या देशपांडे नगरातल्या तीन घरांत सध्या गांधीलमाशांनी मुक्काम ठोकला आहे. लगेच उपायही निघाले. एकजण म्हणाले रॉकेल शिंपडा, दुसरे म्हणाले टेंभा लावा, तिसऱ्यांनी झुरळांच्या फवाऱ्याचे नाव घेतले. आम्ही गप्प बसलो, कारण यातला एक उपाय आम्ही करून बसलो आहोत आणि त्याची किंमतही मोजली आहे. म्हणून हा लेख.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मागच्या दारी, धुण्याच्या दगडावर, कौलांच्या वळचणीला तळहाताएवढे पोळे लोंबत होते. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही बांबूला चिंधी गुंडाळली, रॉकेलमध्ये बुडवली आणि पेटवून पोळ्याला लावली. बेळगावहून आलेल्या आमच्या वहिनी त्या वेळी पलीकडे तारेवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांना सांगायचे कोणाच्या लक्षात आले नाही. माशा उठल्या त्या थेट त्यांच्यावर गेल्या. पाच-सहा ठिकाणी डंख बसले. दहा मिनिटांत सर्वांगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, श्वास लागला. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेले. तिथे मांडीत इंजेक्शन दिले आणि रात्रभर ठेवून घेतले. वहिनी वाचल्या. इकडे वळचणीचा एक वासाही पेटला होता, तो बादल्यांनी विझवला. आणि पंधरा दिवसांनी पाहतो तर दोन हातांवर नवे पोळे! हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर सगळे नावे, जमा काहीच नाही.

त्यानंतर आम्ही या प्राण्याबद्दल वाचले, जाणकारांना विचारले आणि गेली काही वर्षे घरातली पोळी लक्ष देऊन पाहिली. त्यातून जे उमगले ते मांडतो.

आधी ओळख पटवा

'गांधीलमाशी' हे नाव आपण सरसकट वापरतो, पण घराभोवती निदान चार वेगवेगळे पाहुणे असतात आणि प्रत्येकाशी वागण्याची रीत निराळी आहे.

पहिली कुंभारीण. भिंतीच्या कोपऱ्यात, फोटोमागे, कधी कुलपाच्या भोकात किंवा न वापरलेल्या नळीत ओल्या मातीचे घर बांधते. ही एकटी राहते. राखायला फौज नसल्यामुळे घरावरून अंगावर येत नाही. ती कोळी किंवा अळ्या डंख मारून लुळ्या करते, मातीच्या खोलीत ठेवते, त्यावर अंडे घालते आणि दार लिंपते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती शिदोरी खाऊन वाढते. आत गेली अळी आणि बाहेर आली माशी, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले आणि ध्यासाने अळीच माशी होते असा अर्थ लावला. तोच भ्रमर-कीटाचा दृष्टांत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये हिची गणना आहे आणि नाथांनी त्याच स्कंधावर टीका लिहिली. तेव्हा कुंभारणीला घाबरू नका. घर नको असेल तर दिवसाउजेडी खुरप्याने खरवडा, पुसून घ्या, संपले.

दुसरी नेहमीची तांबूस, सडपातळ गांधीलमाशी. हिचे पोळे करड्या कागदासारखे असते, एका बारीक देठाला लोंबते आणि त्याची घरे खालून उघडी दिसतात. खिडकीची चौकट, वळचण, जिन्याखालची जागा हिला आवडते. जुन्या लाकडी दारावर किंवा कुंपणावर पांढुरके ओरखडे दिसले तर समजा की हिने तिथले लाकूड खरवडून नेले आहे. ते चावून, लाळेत कालवून ती हा कागद बनवते.

तिसरी मोठी, काळी, पोटावर पिवळा-नारिंगी पट्टा असलेली. ही झाडाच्या ढोलीत, जमिनीच्या पोकळीत, कधी माळ्यावर राहते. पोळ्याभोवती कागदी कवच असते, त्यामुळे आतल्या घरांचा अंदाज येत नाही. हिच्या वाटेला स्वतः जाऊ नये.

चौथे आग्या मोहोळ, कानडीत हेज्जेनु. ही गांधीलमाशी नव्हे, मधमाशी. पाण्याच्या उंच टाक्या, मोठी झाडे, इमारतींचे सज्जे इथे एकच भले मोठे पोळे लोंबते. याला दगड मारणे, धूर करणे, खाली फटाके उडवणे म्हणजे साऱ्या गल्लीवर संकट ओढवून घेणे. तिथे माहीतगार माणूसच हवा.

बंगळूरुच्या खिडकीतले पोळे

दुसऱ्या प्रकारच्या माशीवर जगात नावाजलेले काम आपल्याच कर्नाटकात झाले आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले. प्राध्यापक राघवेंद्र गदगकर यांनी बंगळूरुच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना खिडक्यांवरची ही पोळी पाहायला सुरुवात केली आणि पुढे भारतीय विज्ञान संस्थेत अनेक वर्षे त्यांचाच अभ्यास केला. माशीचे शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. त्यांचा या माशीवरचा ग्रंथ २००१ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला. आडनाव वाचून आपल्या शेजारचे गदग आठवतेच.

त्यांच्या कामातल्या तीन गोष्टी घरमालकाने जाणून घ्याव्यात.

एक, या माशीची राणी दांडगट नसते. ती शांत असते आणि तिचा वास पोळ्यावर लागलेला असतो, त्यावरून बाकीच्यांना ती हजर असल्याचे कळते. राणी नाहीशी झाली की थोड्याच वेळात एक कामकरीण एकदम आक्रमक होते आणि आठवडाभरात अंडी घालू लागून स्वतः राणी होते. म्हणजे दोन-चार माशा मारून पोळे संपत नाही. अधिकारी बदलला तरी शाखा चालूच राहते.

दोन, थंड देशांत बहुतेक गांधीलमाशांची वसाहत हिवाळ्यात मरून जाते, म्हणून तिकडचे लोक 'थंडीपर्यंत थांबा' असा सल्ला देतात. मुलांनी परदेशातून पाठवलेल्या व्हिडिओंत हेच असते. आपल्याकडे ही माशी वर्षाचे बारा महिने पोळे चालवते आणि नवे पोळे कोणत्याही ऋतूत सुरू करते. नुसती वाट पाहून आपला प्रश्न सुटत नाही.

तीन, पट्टेवाली मोठी गांधीलमाशी या छोट्या माशांच्या पोळ्यांवर धाड घालून पिल्ले पळवते. म्हणून संस्थेतल्या माशांच्या खोलीला अशा मापाची जाळी लावली की छोटी माशी आत-बाहेर करू शकेल, मोठी शिरू शकणार नाही.

काढायचे की राहू द्यायचे?

हा प्रश्न आम्ही त्या रविवारी विचारलाच नव्हता. ही माशी बागेतल्या अळ्या मारून पिल्लांना भरवते. तुमच्या लिंबावर किंवा भाजीच्या वाफ्यावर ती घिरट्या घालते ती शिकारीसाठी. पोळे माणसाच्या वाटेत नसेल, दोन मजली भिंतीच्या टोकाला असेल, तर राहू द्यावे.

मात्र पोळे दाराच्या चौकटीवर, झोपाळ्यावर, कपडे वाळत घालतात त्या जागी, मुले खेळतात तिथे किंवा मीटरच्या पेटीपाशी असेल तर काढावे. आणि घरात एखाद्याला पूर्वी डंखाने श्वास लागला असेल, तर घराजवळचे पोळे काढावेच.

काढण्याची रीत

सर्वांत सोपी वेळ म्हणजे सुरुवात. देठाला पाच-दहा घरे आणि एखाद-दुसरी माशी एवढेच असते तेव्हा ती बाहेर गेलेली पाहून लांब दांड्याच्या झाडूने पोळे पाडावे आणि ती जागा साबणाच्या पाण्याने पुसावी. पुन्हा बांधले तर पुन्हा पुसावे. आम्ही दर आठवड्याला वळचणी, खिडक्यांचे वरचे कोपरे आणि जिन्याखाली एक फेरी मारतो. पाच मिनिटे लागतात.

पोळे तळहातापेक्षा लहान, उघडे आणि जमिनीवर उभे राहून पोहोचेल असे असेल तर असे करता येते :

१. वेळ रात्रीची, पूर्ण अंधार पडल्यावर. तेव्हा सगळ्या माशा पोळ्यावर असतात आणि सहसा उडत नाहीत. पेटता दिवा जवळ नको. बॅटरीला लाल कागद बांधावा, लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही.

२. घरात सर्वांना आधी सांगावे. मुले, पाहुणे, कुत्रे आत. दारे-खिडक्या बंद.

३. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, पँट मोज्यांत खोचलेली, हातमोजे, कानटोपी, मफलर, चष्मा.

४. एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन मोठे चमचे घालून फवारणीच्या पंपात भरावे. साबणाच्या पाण्याने माशीचे अंग भिजते, अंगावरची श्वासाची छिद्रे बंद होतात आणि ती पडते. एका बाजूला उभे राहून सलग फवारावे. थेट पोळ्याखाली उभे राहू नये.

५. मागे सरकायची वाट मोकळी हवी आणि सोबतीला दुसरा माणूस हवा. पाणी विजेच्या तारांवर, मीटरवर उडेल अशी जागा असेल तर हा उपाय करूच नये.

६. सकाळी खात्री करून पोळे काठीने पाडावे आणि साबणाच्या बादलीत बुडवावे, कारण आत पिल्ले असतात. देठाची जागा घासून पुसावी.

पोळे मोठे असेल, कवचाचे असेल, शिडी लावावी लागत असेल किंवा घरात ॲलर्जीचा माणूस असेल, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावे. कीटकनाशकांची धंदेवाईक फवारणी करायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. तो पाहावा, औषधाचे नाव विचारावे, पावती घ्यावी. आमच्या जुन्या सवयीचा हा सल्ला आहे, पण खोटा नाही.

काय करू नये

आग नको. वळचणीला लाकूड असते, जवळ तारा असतात, शिवाय पेटल्या पोळ्यातूनही माशा उडतात. रॉकेल, पेट्रोल नको. डब्यातल्या फवाऱ्यातला वायू पेट घेतो, म्हणून तो गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरातल्या निरांजनाजवळ मारू नये. दगड मारू नये. पोळ्याचे भोक सिमेंटने बुजवू नये, आतल्या माशा दुसरी वाट शोधतात आणि ती कधी घरातच निघते. पोळ्याजवळ माशी चिरडू नये. अनेक जातींत त्या वासाने बाकीच्या चवताळतात. आणि शिडीवर चढून हे काम करू नये. आपल्या मंडळातले बरेच जण साठी ओलांडलेले आहेत. डंखापेक्षा खुब्याचे हाड महाग पडते.

डंख बसल्यावर

आधी तिथून दूर व्हा, शक्यतो बंद खोलीत जा. मधमाशी नांगी कातडीत सोडून जाते, ती नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढावी. गांधीलमाशी नांगी सोडत नाही आणि पुन्हा पुन्हा मारू शकते. जागा साबणाने धुवा, बर्फ कापडात गुंडाळून ठेवा, अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढा. लोखंड घासणे, चुना लावणे हे घरोघरी करतात. त्याने विष उतरत नाही. त्यात वेळ घालवू नये, एवढेच.

साध्या माणसाला दोन-तीन दिवस सूज, खाज राहते आणि जाते. पण अंगभर गांधी, ओठ-जीभ-चेहऱ्यावर सूज, घोगरा आवाज, श्वास लागणे, उलटी, चक्कर यांतले काही दिसले तर घरगुती गोळी देऊन वाट पाहू नये. तिथे अॅड्रिनलिनचे इंजेक्शन लागते आणि मिनिटे मोजायची असतात. माणसाला आडवे करून पाय उंच ठेवा, श्वास लागत असेल तर टेकून बसवा, चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळ असेल त्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्या. तोंडात, घशात डंख बसला असेल किंवा एकदम खूप डंख बसले असतील, तर लक्षणे नसली तरी न्या. ज्याला एकदा असा त्रास झाला त्याला पुढच्या वेळीही होऊ शकतो.

वहिनी आजही दिवाळीला येतात. त्यांच्या पर्समध्ये एक कार्ड असते : 'गांधीलमाशीच्या विषाची ॲलर्जी', खाली डॉक्टरांचा आणि आमचा नंबर. त्या यायच्या आदल्या दिवशी आम्ही मागच्या दारची फेरी दोनदा मारतो. वरच्या खोलीच्या बाहेर, कोणी जात नाही अशा टोकाला एक पोळे मात्र आहे. ते आम्ही ठेवले आहे आणि वहिनींना सांगून ठेवले आहे. त्या म्हणाल्या, "राहू दे, मला वरती काय काम? पण या खेपेला कोणी काठी उचलणार असेल तर आधी मला हाक मारा."

एवढेच सांगायचे होते. चूकभूल द्यावी घ्यावी.