थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी आणि सकाळचा चहा

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आलाय. आता गोळी बंद केली तर चालंल का?" आणि विचारणारीने बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांपूर्वीच गोळी बंद केलेली असते. म्हणून यावेळी या एकाच विषयावर सविस्तर बोलू.

आधी नावाचा घोळ मिटवू. "मला थायरॉइड झालाय" असं आपण म्हणतो, पण थायरॉइड हा आजार नव्हे. ती गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली असलेली फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी आहे आणि ती प्रत्येकालाच असते. ती थायरॉक्सिन नावाचा रस, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडते. शरीराचा चुलीचा जाळ किती मोठा ठेवायचा हे तो रस ठरवतो. रस कमी पडला की जाळ मंदावतो. मग अंगात त्राण राहत नाही, थंडी जास्त वाजते, शौचाला साफ होत नाही, वजन वाढतं, केस गळतात, कातडी कोरडी पडते, तोंड सुजल्यासारखं दिसतं, विसरायला होतं, पाळीत अंगावरून जास्त जातं. यालाच डॉक्टर हायपोथायरॉइडिझम म्हणतात. हा आजार पुरुषांपेक्षा बायांमध्ये कितीतरी जास्त आढळतो. घरात मात्र "हिला कामच नको, नुसती पडून असते" असं बोललं जातं. बाई आळशी झालेली नसते, तिच्या रक्तात एक गोष्ट कमी पडलेली असते, आणि ती रक्त तपासून कळते.

तपासणीचं नाव टीएसएच. इथेही गोंधळ होतो, कारण थायरॉइड कमी असेल तर टीएसएचचा आकडा वाढलेला येतो. आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. सभासद बचतीचा हप्ता वेळेवर देत असेल तर सीआरपी ताई एकदा हळूच आठवण करते. हप्ता आला नाही की दोनदा सांगते, तरी नाही आला की घरी येऊन मोठ्याने हाक मारते. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या एका छोट्या ग्रंथीने थायरॉइडला मारलेली हाक. थायरॉइड काम करीना की हाक वाढते, म्हणजे आकडा वाढतो. बाहेरून गोळी मिळाली की हाक कमी होते आणि आकडा खाली येतो.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. ही गोळी तापाच्या गोळीसारखी नाही, की ताप उतरला, गोळी संपली. गोळीत जे थायरॉक्सिन आहे, तेच तुमची ग्रंथी बनवायला कमी पडते आहे. गोळी ग्रंथीला बरी करत नाही, तिच्या वाटणीचा रस रोजचा रोज भरून देते. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळी चालू आहे म्हणून आला. बंद केली की लगेच काही जाणवत नाही, आणि तिथेच बाई फसते. हे औषध शरीरात हळूहळू कमी होतं, निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे पहिले काही दिवस "बघा, गोळीशिवाय पण बरं आहे" असं वाटतं. दीड-दोन महिन्यांत मात्र पुन्हा तेच सुरू होतं. काहींची गोळी डॉक्टर खरंच बंद करतात, उदाहरणार्थ बाळंतपणानंतर काही महिने थायरॉइड बिघडला आणि पुन्हा सुरळीत झाला तर. टीएसएच थोडाच वाढलेला असेल तर गोळी न देता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. पण हे तपासून ठरवायचं असतं, मनाने नव्हे.

"जन्मभर गोळी" ऐकून घाबरायला होतं, हे खरं आहे. पण हे औषध नवीन नाही. 1891 साली इंग्लंडमधले डॉक्टर जॉर्ज मरे यांनी अशाच आजाराच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून पाहिला. ती बाई बरी झाली आणि त्यानंतर 28 वर्षं जगली. आज मेंढीची गरज उरलेली नाही, गोळी कारखान्यात बनते. सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत ती आहे.

या गोळीचं वजन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. बाटलीवर 25, 50, 75, 100 असे आकडे असतात. एका ग्रॅमचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे 100 ची गोळी! इतक्या थोड्या औषधातलं निम्मं जरी पोटात अडकलं तरी हिशोब चुकतो. खरी गडबड इथेच होते.

आपल्याकडच्या एका ताईंची गोष्ट सांगते. गोळी 50 ची होती. टीएसएच उतरेना म्हणून 75 झाली, मग 100 झाली. घरचे म्हणायला लागले, औषध खोटं आहे. शेवटी सिस्टरनी विचारलं, "गोळी नेमकी कशी घेता?" तर सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी, रक्त वाढीची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी, तिन्ही एकदम मुठीत, वरून कपभर चहा. एकदाच आटोपलं की दिवसभराची कटकट नाही, असा त्यांचा हिशोब. लोह आणि कॅल्शियम ही दोन्ही थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. चहा-कॉफीनेही ते कमी शोषलं जातं. वेळा बदलल्यावर त्यांचा आकडा उतरला, आणि डॉक्टरांनी गोळी पुन्हा कमी केली.

म्हणून पहाटे उठल्यावर आधी थायरॉइडची गोळी, फक्त साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी. त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहाही नाही. झाडलोट, पाणी भरणं, जनावरांचं शेण काढणं यात तो तास सहज निघून जातो. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची औषधं यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत किमान चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर आणि लोह रात्री, असं बसवता येतं. लोह आणि कॅल्शियमसुद्धा एकत्र घ्यायचं नसतं, हे आशाताई सांगतातच. ज्यांना सकाळी उठल्या उठल्या चहाशिवाय जमतच नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी रात्री झोपताना घ्यावी, पण जेवणानंतर तीन तास झालेले असावेत, आणि मग लोहाची गोळी रात्री नको.

लोहाची गोळी बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. थायरॉइड कमी असला की पाळीत जास्त जातं, जास्त गेलं की रक्त कमी होतं, म्हणजे पुष्कळ बायांना दोन्ही गोळ्या लागतातच. फक्त दोघींची भेट होऊ द्यायची नाही.

सोयाबीनचंही असंच आहे. पोषणाच्या प्रशिक्षणात आपण गव्हाच्या पिठात सोयाबीन मिसळायला सांगितलं, सोयावडीची भाजी करायला सांगितली. ते चांगलंच आहे, पण गोळीच्या लगेच मागून सोयाबीन नको, आणि रोजचं प्रमाण एकदम कमी-जास्त करू नका. कोबी-फ्लॉवरला मात्र उगाच बदनाम केलंय. शिजवून, भाजीपुरतं खाल्लं तर काही होत नाही.

उपवासाच्या दिवशी गोळी सोडायची नाही. नवरात्रात नऊ दिवस गोळी बंद ठेवणाऱ्या बाया मला माहीत आहेत. घोटभर पाण्याबरोबर घेतलेल्या औषधाने उपवास मोडतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हरतालिकेसारख्या निर्जळी दिवशी वेळ पुढे-मागे कशी करायची ते डॉक्टरांना आधीच विचारावं. रमजानमध्ये आपल्या मुस्लिम भगिनी सहेरीच्या अर्धा-पाऊण तास आधी उठून किंवा रात्री झोपताना गोळी घेऊ शकतात. एखाद्या सकाळी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा, पोट रिकामं असताना घ्या. दुसऱ्या दिवशी मनाने दोन घेऊ नका. बाटली चुलीजवळच्या फळीवर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, उष्णतेने आणि ओलीने औषधाचा जोर जातो.

आता व्हिटॅमिनकडे वळू. बी-12 आणि डी यांची कमतरता आपल्याकडे भरपूर आहे, आणि त्यातही थकवा, अंगदुखी, हातापायाला मुंग्या हीच लक्षणं असतात. टीएसएच नॉर्मल आला तरी अंगात बळ नाही असं वाटत असेल तर हिमोग्लोबिन, बी-12 आणि डी तपासून घ्यावं. कमी असेल तर त्याची औषधं घ्यावीत, फायदा होतो. पण व्हिटॅमिनने थायरॉइड भरून निघत नाही. आणि शक्तीच्या म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांमध्ये लोह-कॅल्शियम असतंच, त्यांनाही चार तासांचा नियम लागू.

केसांसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांकडे विशेष लक्ष द्या. त्यात बायोटिन असतं. ते जास्त प्रमाणात घेतलं तर काही यंत्रांवर थायरॉइडची तपासणीच चुकते. टीएसएच खोटा कमी दिसतो आणि गोळी जास्त होते आहे असं वाटून डॉक्टर ती कमी करू शकतात. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती गोळी थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. ऑनलाइन विकली जाणारी जादा आयोडीनची पावडरही नको. घरात आयोडीनयुक्त मीठ असलं की पुरे. हल्ली पूर्ण स्वयंपाक सैंधव मिठात करायचं खूळ आलंय, सैंधवात मात्र पुरेसं आयोडीन नसतं. तरीही आयोडीनचं मीठ खाऊन हा आजार होऊ शकतो, कारण आज पुष्कळदा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते.

सगळ्यात महत्त्वाचं लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या मुलींसाठी. दिवस जाण्याआधी टीएसएच ताब्यात आणा. पाळी चुकली, दिवस राहिले असं कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. पहिल्या महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन आईकडूनच जातं, म्हणून आईची गोळी या काळात बहुधा वाढवावी लागते. "पोटुशी बाईने औषधं घेऊ नयेत" असं म्हणून सासूबाईंनी गोळी काढून घेतली, तर त्यांना हे वाचून दाखवा. नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते, अंगावर पाजतानाही चालते. बाळंतपणानंतर पुन्हा तपासून गोळी ठरते.

गोळी जास्त झाली तरी नुकसान आहे. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, घाम, आणि बरीच वर्षं जास्त राहिली तर हाडं ठिसूळ होणं. म्हणून वजन उतरवायला शेजारणीची गोळी घेऊ नका, आपली कुणाला देऊ नका. हृदयाचा त्रास असलेल्यांना डॉक्टर मुद्दाम कमी गोळीने सुरुवात करतात.

गोळी बदलली, किंवा दुसऱ्या कंपनीची बाटली मिळाली, की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. आकडा स्थिर झाला की वर्षातून एक-दोनदा पुरतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते का ते आशाताईंना विचारा. नसेल तर गटाच्या अंतर्गत कर्जातून हा खर्च भागवायला काहीच हरकत नाही. शेळीसाठी कर्ज देतो, तसं बाईच्या तब्येतीसाठीही द्यावं. रक्त द्यायला जाताना त्या सकाळची गोळी सोबत ठेवा आणि रक्त दिल्यावर घ्या. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, केसांची बाटली, सगळं एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा.