लोणारचे वर्तुळ आणि उपग्रहाचे गुंठे

नकाशामागचे गणित : लेखांक ३

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि बुलढाणा जिल्ह्यातले हे विवर जगभरच्या बातम्यांत झळकले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची ही करामत असल्याचे दिसले. रंगबदल आकाशातूनही टिपला गेला होता. लँडसॅट-८ हा उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच जागेवर परततो. त्याच्या २५ मेच्या चित्रात सरोवर हिरवट आहे, १० जूनच्या चित्रात गुलाबी.

उपग्रहाकडून येते ते आकड्यांचे कोष्टक. जमिनीवर चौकोनांची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकोनातून किती प्रकाश परतला, तो आकडा त्याच्या घरात भरायचा. लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाची कोष्टके वेगवेगळी. ती एकमेकांवर ठेवली की डोळ्यांना रंग दिसतो. असल्या कोष्टकाला रास्टर म्हणतात आणि त्यातल्या घराला पिक्सेल. आकडा प्रकाशाचाच हवा असेही नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने रडारने पृथ्वीची उंची मोजली, त्या रास्टरमध्ये दर घरात समुद्रसपाटीपासूनचे मीटर आहेत. लोणारचा खोलगट वाडगा त्यात आकड्यांच्या उतरंडीतून उमटतो.

आता घर केवढे? लँडसॅटचे ३० मीटर बाजूचे, म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळपास ९ गुंठे. आपल्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचे साडेतेवीस मीटरचे, साडेपाच गुंठ्यांचे. युरोपच्या सेंटिनेल-२ चे १० मीटरचे घर मात्र १०० चौरस मीटर भरते आणि गुंठा असतो १०१ चौरस मीटरच्या आसपास! युरोपातल्या अभियंत्यांना गुंठा ठाऊक असण्याचे कारण नाही, पण योग मोठा गमतीचा जुळला आहे. चिखली-मेहकरकडच्या एकरभर सोयाबीनचे सेंटिनेलच्या चित्रात चाळीसेक पिक्सेल पडतात. लँडसॅटमध्ये जेमतेम साडेचार, आणि त्यांतही बांधावरची बाभूळ नि शेजाऱ्याची तूर मिसळलेली. अशा रास्टरवरून तालुक्याचा अंदाज बांधावा. एकरभर शेताच्या नुकसानीचा निवाडा त्यावर करणे शेतकऱ्यावर अन्याय होईल.

पिक्सेलचे ठरले, तरी दुसरा पेच उरतो. पृथ्वी गोल, कागद सपाट. गोलावरचे बिंदू सपाटीवर मांडण्याची रीत म्हणजे प्रक्षेपण, आणि प्रत्येक प्रक्षेपण कुठे ना कुठे ताणते. हा ताण पाहायला लोणारसारखी जागा नाही, कारण विवर जवळजवळ गोल आहे आणि त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर.

अक्षांश-रेखांशांचे अंश तसेच आलेखाच्या कागदावर मांडले, तर गोल विवर पूर्व-पश्चिम फुगून लंबगोल दिसते. लोणार २० अंश उत्तर अक्षांशाला अगदी लागून आहे. तिथे अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा, रेखांशाचा १०४.६ चा, कागदावर मात्र दोन्ही सारखेच धरले जातात. मोबाइलवरचे नकाशे बहुधा वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात. त्यात विवर गोलच राहते, पण मोठे होते. प्रक्षेपणाचे मीटर जसेच्या तसे मोजले, तर व्यास ११५ मीटरने वाढतो आणि क्षेत्रफळ १३ टक्क्यांनी. अ‍ॅपमधली अंतर मोजायची सोय ही चूक गुपचूप दुरुस्त करते, म्हणून ती कुणाला जाणवत नाही.

मोजणीसाठी यूटीएम प्रक्षेपण बरे. त्यात पृथ्वीचे सहा-सहा अंश रुंदीचे ६० पट्टे केले आहेत. लोणारचा रेखांश साडेशहात्तर अंश, म्हणजे ते ७२ ते ७८ अंशांच्या ४३ व्या पट्ट्यात येते. इथे व्यासातला फरक वीतभरसुद्धा भरत नाही.

एका प्रक्षेपणातले रास्टर दुसऱ्यात नेताना जुनी जाळी नव्या जाळीवर तिरकी बसते, आणि नव्या घरात कोणता आकडा भरायचा हा प्रश्न येतो. उंचीचे रास्टर असेल, तर शेजारच्या घरांची सरासरी चालते. पिकांच्या नकाशात कापसाला १, सोयाबीनला २, पाण्याला ३ असे क्रमांक दिले असतील आणि तिथेही सरासरी घेतली, तर कपाशीच्या शेताला लागून असलेल्या तळ्याच्या काठावर सोयाबीन उगवते! तिथे सर्वांत जवळच्या घराचा क्रमांक जसाच्या तसा उचलावा लागतो. संगणक तक्रार करत नाही, त्यामुळे असले सोयाबीन अहवालात राहून जाऊ शकते.

बुलढाणा जिल्हा पूर्णपणे ४३ व्या पट्ट्यात मावतो. अकोला आणि अमरावती शहरेही त्यातच. ७८ अंशांची रेषा मात्र विदर्भाला मधोमध कापते आणि यवतमाळ, वर्धा, नागपूर ही शहरे ४४ व्या पट्ट्यात जातात. लोणार आणि नागपूर एकाच रास्टरमध्ये हवे असतील, तर काय करायचे, ते पुढच्या लेखांकात.