संस्थेचा सातबारा

सहा वर्षांपूर्वी पारनेर तालुक्यातील एका वाचनालयाची मंडळी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. प्रस्तावाला विश्वस्तांची अधिकृत यादी जोडायची होती. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट-१ची नक्कल काढली, तर सात नावांपैकी पाच जण दिवंगत झालेले. रोज वाचनालय उघडणारे मंडळ गावाला ठाऊक होते. दप्तरात त्याचा पत्ताच नव्हता. मी वकील नाही. पण त्या दिवसापासून हा कायदा कलमवार वाचू लागलो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० सालचा. पूर्वी त्याच्या नावात ‘मुंबई’ होते. आपल्याकडील धर्मादाय संस्थांची नोंदणी बहुधा दुहेरी असते. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्था १९५०च्या कायद्यानेही सार्वजनिक न्यास ठरते. म्हणून तिच्याकडे दोन प्रमाणपत्रे असतात आणि न्यासाच्या क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर येते. जिल्हा आता अहिल्यानगर झाला, तरी जुन्या प्रमाणपत्रांवर अहमदनगरच आहे.

या कायद्याने विश्वस्तांवर टाकलेली मुख्य कामे तीन. पहिले हिशेबाचे. दरवर्षी हिशेब बंद करून सनदी लेखापालाकडून तपासून घ्यायचे आणि लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात पोचवायचा. हे काम बहुतेक संस्था करतात, कारण लेखापाल आठवण देतो.

दुसरे मालमत्तेचे. कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्याआधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक, तर बिनशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची असली तरी तेच. गावकीच्या बैठकीतला एकमुखी ठराव इथे पुरत नाही.

तिसरे काम सर्वांत सोपे, आणि तेच राहून जाते. कलम २२ म्हणते, नोंदवहीतील तपशिलात बदल झाला की नव्वद दिवसांत तो कळवा. यालाच आपण ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतो. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवे मंडळ निवडून आले, जागा घेतली, तर प्रत्येक वेळी अर्ज. सोबत सभेची नोटीस, इतिवृत्त, ठराव, संमतिपत्रे. शेतकऱ्याला हे समजायला जड नाही. परिशिष्ट-१ हा संस्थेचा सातबारा आणि चेंज रिपोर्ट हा फेरफार. वारसाची नोंद न केलेल्या जमिनीचे पुढे जे होते, तेच संस्थेचे होते. बँक खात्यावरील सह्या अडतात, अनुदान अडते, आणि दोन गटांत वाद झाला तर खरे विश्वस्त कोण, हे ठरवण्यातच वर्षे जातात.

मोठ्या देवस्थानांची गोष्ट वेगळी. शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी विधिमंडळाने २००४ साली स्वतंत्र कायदा केला. शनिशिंगणापूरसाठी २०१८ साली. गावच्या वाचनालयासाठी, तालमीसाठी, शाळेसाठी कोणी वेगळा कायदा करणार नाही. त्यांचा आधार ही नोंदवहीच.

वाचनालयाच्या कामाला आम्ही मृत्यूच्या दाखल्यांपासून सुरुवात केली. एका निवडणुकीचे इतिवृत्त वाळवीने खाल्ले होते. हयात दोन विश्वस्तांपैकी एक ऐंशी ओलांडलेले गुरुजी. नगरला येऊन त्यांनी प्रतिज्ञापत्र दिले. विलंब माफीचे अर्ज केले, तारखा झाल्या. पुरेसे कारण दाखवले तर कायदा मुदत वाढवून देतो, पण खर्च भरावा लागतो. त्या वर्षीचा प्रस्ताव तर गेलाच. सुधारित नक्कल गेल्या वर्षी हाती आली, तोवर गुरुजी वारले होते. त्यांच्या निधनाचा बदल मात्र आम्ही मुदतीत कळवला.

दिवाळीत गावी जाणाऱ्यांना एक विनंती. आपल्या संस्थेच्या परिशिष्ट-१ची नक्कल मागून घ्या आणि त्यातली नावे वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने वाचा. किती जण हयात आहेत, ते तिथल्या तिथे कळेल. आणि त्यांतल्या ज्यांना मागचे ठाऊक आहे, त्यांच्याकडून ते आताच लिहून घ्या.