मागे राहिलेली मैत्रीण

समजा, रविवारी सकाळी चौघी मैत्रिणी मुरबाडहून धसईला सायकलने निघाल्या. तिघी पुढे गेल्या, चौथी चढावर मागे पडली. “काय गं, एवढ्यात दमलीस?” बोलणारी थट्टेत बोलते, चौथी पुढच्या रविवारी येत नाही.

दम लागतो तो दर वेळी सराव नाही म्हणून नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की स्नायूंना प्राणवायू कमी पडतो आणि हृदयाची धडधड वाढते. जिद्दीने पॅडल मारून रक्तातले लोह वाढत नाही! वारंवार असे होत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

चढाओढ वाईटच असे नाही. पुढचीला गाठायच्या ईर्ष्येने पायांना जोर येतो. पण ‘ब्रेव्हे’ या लांब पल्ल्याच्या सायकल उपक्रमातही २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण केले की झाले, क्रमांक काढत नाहीत.

वेगाची खूण सोपी आहे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ते मध्यम श्रम. चौथीला बोलता येईल, तोच चौघींचा वेग ठेवावा. तिची उत्तरे तुटक येऊ लागली, तर सावली पाहून सगळ्यांनीच थांबावे.